घर तिच्या नावावर, पण तिचे नाव कोणते?

मृग लागून आठ दिवस झाले आहेत आणि कर्नाटकातल्या बेळगावजवळच्या, मार्कंडेय नदीच्या काठच्या आमच्या शिवारात धूळवाफेवर पेरलेले भात वर आले आहे. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत आपण मला ग्रामपंचायतीवर पाठवले. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असल्यामुळे सदस्य या नात्याने माझ्या वाट्याला आलेला हा शेवटचा पावसाळा आहे. दर वर्षी पावसाच्या तोंडावर मी वॉर्डातल्या कामांचा हिशेब येथे लिहिते. या वेळी बहुतेक जागा घरांसाठी राखून ठेवली आहे, कारण या काळात माझ्या दारात आलेल्या माणसांपैकी सर्वांत जास्त माणसे घरासाठी आली आणि त्यांत बायका अधिक होत्या.

आमच्या पट्ट्यातली जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि मंगळुरी कौलांची आहेत. वळवाचा पाऊस त्यांचे फारसे बिघडवत नाही. खरा धोका आषाढ-श्रावणातल्या झडीचा असतो. आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, भिंत खालून ओल धरते, आतून भुसभुशीत होते आणि पुष्कळदा पाऊस उघडल्यावर, आता सुटलो असे वाटत असतानाच ती बसते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातली हजारो घरे गेली. पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्य सरकारने त्या वेळी ५ लाख रुपये जाहीर केले आणि ज्यांचे कागद नीट होते त्यांची घरे उभी राहिली. आमच्या वॉर्डातल्या दोन कुटुंबांच्या भिंती सर्वांदेखत पडल्या होत्या, तरीही उताऱ्यावरचे नाव आणि घरात राहणाऱ्याचे नाव जुळले नाही म्हणून ती दोन्ही कुटुंबे पत्र्याच्या आडोशाला गेली. मी निवडणुकीला उभी राहिले ती या दोन घरांमुळे. त्यांपैकी एका घराचा स्लॅब या वैशाखात घालून झाला. दुसऱ्याचे काम अजून व्हायचे आहे आणि ते का राहिले हेही मला आपल्याला सांगितले पाहिजे.

आधी योजनांविषयी, कारण कोणती योजना कोणाची याबद्दल अजून पुष्कळ गोंधळ आहे. केंद्र सरकारची प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ मध्ये जुन्या इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. सपाट प्रदेशात तिचे अनुदान १.२० लाख रुपये आहे. त्याशिवाय शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून स्वतःच्याच घराच्या कामावर ९० दिवसांची मजुरी मिळते. राज्याच्या योजना बंगळूरच्या राजीव गांधी ग्रामीण वसती निगमामार्फत चालतात. त्यांत सर्वसाधारण कुटुंबांसाठी बसव वसती योजना, अनुसूचित जाती-जमातींसाठी डॉ. आंबेडकर निवास योजना आणि विधवा, अपंग अशा विशेष गटांसाठी देवराज अर्स यांच्या नावाची योजना आहे. गावासाठी आलेली घरे कोणाला द्यायची हे ग्रामसभेत ठरते. एखाद्या सदस्याच्या किंवा एजंटाच्या खिशात घर नसते आणि माझे नाव सांगून कोणी पैसे मागितले तर त्याच क्षणी मला कळवावे.

या सर्व योजनांमध्ये एक समान धागा आहे. काही ठरलेले अपवाद सोडले तर घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर मंजूर होते. हा नियम मला मनापासून पटतो. ज्या बाईने तीस वर्षे त्या जमिनीला शेण लावले तिचे नाव त्या घराच्या कागदावर कुठेच नसावे ही आमच्याकडची जुनी रीत होती आणि ती मोडायलाच हवी होती. परंतु याच नियमामुळे एक अडचण उघड्यावर आली. पुरुषाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत बहुधा एकच राहते, तर बाईचे नाव चार कागदांवर चार तऱ्हेचे असते. घर तिच्या नावावर द्यायचे म्हटले की आधी तिचे नाव कोणते हे ठरवावे लागते आणि आमच्या वॉर्डातले अर्ज सर्वांत जास्त तिथेच अडतात.

खालच्या गल्लीतल्या एका आजींची हकिगत सांगते. त्यांचे नाव येथे बदलून शेवंता असे लिहीत आहे. वर उल्लेख केलेल्या दोन घरांपैकी एक त्यांचे. मी निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या सातवीतल्या नातीला घेऊन आमच्या सोप्यावर आल्या. खडे बाजारातल्या साडीच्या दुकानाची जुनी पिशवी उघडून त्यांनी रेशनकार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मतदार ओळखपत्र आणि पंचायतीचा उतारा असे सगळे माझ्यापुढे मांडले. प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर दोरा बांधलेला होता. उतारा कन्नडमध्ये होता. आजींना मराठीही वाचता येत नाही. नात मराठी शाळेत शिकते, पण तिथे कन्नडही शिकवतात, त्यामुळे तिने उतारा मांडीवर घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. एका ओळीवर तिचे बोट थांबले. तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, "आजी, इथं तुझं नाव शांता लिवलंय." आजींना क्षणभर काही कळले नाही. मग त्या म्हणाल्या, "शांता म्हणजे कोण ग?" वीस वर्षे त्या ज्या उताऱ्यावर घरपट्टी भरत होत्या त्यावर त्यांचे नाव नव्हतेच. पासबुकावर शेवंती होते, आधार कार्डावर इंग्रजी अक्षरांतून सेवंता झाले होते आणि पतीचे नाव एका कागदावर परशराम तर दुसऱ्यावर परशुराम होते.

यात कोणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. नोंद करणारा कन्नडभाषक माणूस कानावर पडलेले नाव आपल्या ओळखीच्या नावाजवळ नेऊन लिहितो. गंगूबाईची गंगव्वा होते, यल्लूबाईची यल्लव्वा होते. पूर्वी हे हाताने लिहिलेल्या वहीत होत असे आणि तलाठ्याला, पाटलाला माणूस तोंडाने माहीत असल्यामुळे त्याने काही अडत नसे. पंचायतीच्या मिळकतींची नोंद ई-स्वत्तू या राज्याच्या संगणक प्रणालीवर चढली, फॉर्म ९ आणि ११ चे उतारे त्यातून निघू लागले, अनुदान आधार क्रमांकावरून थेट खात्यात जाऊ लागले आणि मग एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी घर थांबू लागले. संगणक शेवंता आणि शांता ही दोन माणसे समजतो आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे चुकत नाही.

आजींचे कागद सरळ व्हायला दीड वर्ष लागले. त्या खटपटीतून मी जे शिकले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे. पहिली गोष्ट, घाई करून आधार केंद्रावर जाऊ नका. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. आमच्या गल्लीत एका वहिनींनी आधी माहेरचे आडनाव काढायला आणि मग राहिलेली चूक सुधारायला अशा दोन्ही संधी वापरून टाकल्या आणि तिसरी चूक तशीच राहिली. घरात बसून आधी एका कोऱ्या कागदावर नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहून काढावे, पतीचे नाव आणि आडनाव त्याच क्रमाने लिहावे, घरातल्या शिकलेल्या मुलीकडून ते दोनदा वाचून घ्यावे आणि तोच कागद प्रत्येक कचेरीत बरोबर न्यावा. आधार त्याप्रमाणे एकदा नीट करून घेतल्यावर रेशनकार्ड, पासबुक आणि शेवटी पंचायतीचा उतारा त्याला जुळवावा. उताऱ्यातल्या नावाच्या दुरुस्तीसाठी अर्ज पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, द्यायचा असतो. त्यांच्या मेजावर तो नुसता ठेवून येऊ नये, पोच घ्यावी. पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा मला किंवा पुढच्या कोणत्याही सदस्याला करता येत नाही.

बँकेच्या खात्याविषयीही याच ठिकाणी सांगते. सरकारी पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात ते आधार ज्या खात्याला शेवटी जोडले गेले त्या खात्यात जातात. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २ हजार रुपये येत नाहीत म्हणून माझ्याकडे आलेल्या काही बहिणींचे पैसे प्रत्यक्षात नियमित जमा होत होते, फक्त ते कधीतरी रोजगार हमीसाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात. घराचा हप्ताही असाच भलतीकडे जाऊ शकतो. आपले आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे हे बँकेत विचारून पाया खणण्याआधीच खात्री करून घ्यावी.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे आणि तो माझ्या स्वतःच्या आयुष्यातलाही आहे. माझे माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले. चंदगड, आजरा, गडहिंग्लज इकडच्या मुली बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत देण्याची आणि इकडच्या तिकडे देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सोयरीक जुळवताना मधली सीमा कोणाच्या मनात येत नाही. ती कागदावर येते. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले. ते तांदूळ हाताने सारखे केल्यावर अक्षरे पुसली गेली, पण शाळेच्या दाखल्यावरचे जुने नाव आणि सासरचे नवे नाव या दोन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला मला दोन वर्षे लागली. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मी आणला, तर तो मराठीत आहे, वाचता येत नाही, असे सांगून एका कचेरीने तो परत केला. मी तो भाषांतर करून, शिक्के मारून पुन्हा नेला. त्या दोन वर्षांत माझे नाव ना तिकडच्या कार्डात होते ना इकडच्या. कोणत्याही राज्याच्या कागदावर आपण नाही ही भावना काय असते ते मला ठाऊक आहे. म्हणून लग्न करून सीमेपलीकडून येणाऱ्या मुलींच्या घरच्यांना माझे सांगणे आहे की रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला आणि विवाह नोंदणी हे कागद हळदीच्या आधीच्या यादीत धरावेत. नवे नाव ठेवणे हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे, परंतु मुलीचे पाळण्यातले नाव तसेच राहू दिले तर तिच्या पुढच्या कितीतरी फेऱ्या वाचतात हे मी अनुभवाने सांगते. जातीच्या दाखल्याचा प्रश्न दोन राज्यांमध्ये याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यासाठी ज्याचे त्याचे कागद समोर घेऊनच बोलावे लागेल.

भाषेबद्दल बोलताना एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवते. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यामुळे मराठीत लिहिलेला अर्ज केवळ भाषेच्या कारणावरून नाकारता येत नाही. जिथे एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात हे धोरण केंद्र सरकारने १९५६ मध्येच मांडलेले आहे. वॉर्डसभेच्या नोटिसा कन्नडबरोबर मराठीतही निघाव्यात ही मागणी मी प्रत्येक बैठकीत लेखी दिली आहे आणि मुदत संपेपर्यंत देत राहणार आहे. तोवर नोटीस निघाली की तिचे मराठी मी स्वतः हाताने लिहून मारुतीच्या देवळाच्या खांबावर लावते. त्याचबरोबर आपल्या मुलांनी, विशेषतः मुलींनी, कन्नड चांगले वाचायला शिकावे असेही मला तितक्याच कळकळीने वाटते. हक्क मागायचा तो मागूच, पण शेवंता आजींचा उतारा शेवटी त्या सातवीतल्या मुलीनेच वाचला.

आता दुसऱ्या घराविषयी. तिथे अडचण नावाच्या अक्षरांची नाही. घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन पंचवीस वर्षे होऊन गेली. वारस नोंद, जिला इथल्या कचेऱ्यांत पौती म्हणतात, ती कधी झालीच नाही. वाटणी तोंडी झाली. सोपा एका भावाला, माजघर दुसऱ्याला, परड्याकडची बाजू तिसऱ्याला. एका छपराखाली तीन चुली पेटू लागल्या. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणाची ड्रोनने मोजणी करतात. त्यासाठी घरांच्या हद्दींवर चुन्याच्या फक्कीने रेघा मारतात, वरून छायाचित्रे घेतात आणि त्यावरून मिळकतपत्रे तयार होतात. आकाशातून मात्र एकच छप्पर दिसते, त्याखाली तीन संसार आहेत हे दिसत नाही. मोजणी करणाऱ्यांना ते आपणच, कागदानिशी, वेळेवर सांगायचे असते. कच्चा नकाशा हरकतींसाठी लावला जातो तेव्हा तो जाऊन पाहावा, आपल्या घराची रेघ बोटाने तपासावी आणि चूक असल्यास लेखी हरकत द्यावी. रेघेवरून भावाशी भांडण झाले तरी चालेल, पण ते नकाशा पक्का होण्याच्या आधी व्हावे.

या घराच्या वारस नोंदीसाठी वंशावळ लागते. ती नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, काढताना तिघा भावांनी आपली तीन नावे दिली आणि दोन बहिणींची गाळली. मी त्यावर सही करायला नकार दिला. यामुळे काही जण माझ्यावर नाराज आहेत आणि काम लांबले याचा दोष मला देतात, तो मी स्वीकारते. परंतु वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मिळालेला आहे आणि बहिणींची नावे गाळून केलेली वंशावळ खोटी ठरते. उद्या त्या कागदावर मिळालेले अनुदान अडचणीत आले तर तेव्हा कोण उभे राहणार? माझे म्हणणे इतकेच आहे की बहिणींना बोलवा, त्यांना विचारा. आमच्याकडच्या बहुतेक बहिणी माहेरच्या घरात वाटा मागत नाहीत. त्यांना न विचारता वगळले याचेच त्यांना वाईट वाटते. ज्या बहिणीला वाटा हवा असेल तिला तो मागण्याचा पूर्ण हक्क आहे, तेही भावांनी ऐकून घेतले पाहिजे. त्या दोघींपैकी थोरल्या बेळगावातच असतात आणि त्यांनी भावांच्या बाजूने सही दिली आहे. धाकट्या गडहिंग्लज तालुक्यात आहेत.

गावच्या जुन्या गायरानात किंवा इतर सरकारी जागेवर घर बांधून राहणाऱ्यांचे अर्ज महसूल कायद्याच्या कलम ९४-सी खाली तहसीलदारांकडे जातात आणि मंजूर झाल्यास हक्कपत्र मिळते. हक्कपत्र मिळाले म्हणजे सगळे झाले असे समजून काही जणांनी ते देव्हाऱ्यात ठेवून दिले आहे. त्याची नोंद पंचायतीत करून उतारा काढल्याशिवाय घराच्या अनुदानासाठी त्याचा उपयोग होत नाही.

घर नसलेल्यांची यादी करण्यासाठीच्या आवास प्लस या नव्या सर्वेक्षणाबद्दल पुष्कळ चौकशी होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत २०२८-२९ पर्यंत आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली आणि त्यासाठी हे सर्वेक्षण झाले. दारात मोटारसायकल आहे किंवा घरात फ्रिज आहे म्हणून नाव जाते ही समजूत आता सोडावी, त्या अटी काढून टाकलेल्या आहेत आणि मासिक उत्पन्नाची मर्यादाही १० हजारांवरून १५ हजार केलेली आहे. अडीच एकर किंवा त्याहून जास्त बागायत, पाच एकर किंवा त्याहून जास्त जिरायत, तीनचाकी किंवा चारचाकी वाहन, घरात सरकारी नोकर, ५० हजार किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड या अटी मात्र कायम आहेत. सर्वेक्षणात नाव येणे म्हणजे घर मंजूर होणे नव्हे हेही लक्षात असू द्यावे. मंजुरी येण्याआधी जुने घर पाडू नका. एका कुटुंबाने तसे केले आणि ते दोन पावसाळे भाड्याच्या खोलीत आहे.

मंजुरीनंतरच्या पैशांविषयी मी थोडे परखड लिहिणार आहे. १.२० लाख हा आकडा २०१६ पासून बदललेला नाही. त्या काळात सिमेंट, वाळू, सळी, वीट आणि गवंड्याची मजुरी कुठे गेली ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. ही रक्कम वाढली पाहिजे, आणि हा मुद्दा मी तालुका पंचायतीत मांडला आहे. परंतु ती वाढेपर्यंत आहे त्या पैशांत बांधायचे तर घर लहान ठेवावे लागेल. केंद्राच्या योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट बांधकाम अपेक्षित आहे. आमच्याकडे पाया मात्र त्याच्या अडीचपट खणला जातो. शेजाऱ्याचा जेवढा तेवढा आपला, ही एक भावना, आणि दुसरे कारण लक्ष्मीची यात्रा. कित्येक वर्षांनी गावची यात्रा ठरते, पै-पाहुणे येणार म्हणून प्रत्येक घर रंगवले, वाढवले जाते, नाही तर नवे उभारले जाते. यात्रेचा आनंद मलाही आहे, मी त्याच गावची सून आहे. पण मोठ्या पायामुळे पहिला हप्ता जमिनीतच संपतो. पुढचा हप्ता भिंत लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत, गेल्याचा फोटो निघाल्याशिवाय येत नाही आणि ती भिंत उभारायला पैसे नसतात म्हणून घर तिथेच थांबते. मग बायका महिला संघातून आणि मायक्रो फायनान्सच्या गटांतून कर्ज काढतात आणि आठवड्याचा हप्ता सुरू होतो. वसुलीसाठी दारात येऊन दमदाटी करणाऱ्यांविरुद्ध राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा केला. असा प्रकार कोणाच्या दारात घडत असेल तर अब्रूला भिऊन गप्प बसू नये, पोलीस ठाण्यात मी स्वतः बरोबर येईन. पण त्याआधी पाया लहान ठेवा. पुढे मुलगा कमावू लागला की खोली वाढवता येते.

पावसाळ्यात भिंत पडली तर काय करावे हे थोडक्यात सांगते. माणसे आणि जनावरे आधी बाहेर काढावीत. ढिगारा उपसण्याआधी घराचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, एका फोटोत घरातली व्यक्ती उभी असावी. त्याच दिवशी तलाठ्यांना आणि पंचायतीला लेखी कळवावे आणि पंचनाम्याच्या वेळी घरातले कोणीतरी जाणते माणूस हजर असावे. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आहेत. अंशतः पडलेल्या घराचे नुकसान किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मिळतात. पूर्ण आणि अंशतः यांतला फरक किती मोठा आहे ते या आकड्यांवरून कळेल आणि तो पंचनाम्याच्या एका शब्दावर ठरतो. दोन भिंती पडल्या आणि उरलेल्या दोन उद्या पडणार असतील तर ते पंचनाम्यात लिहून घ्यावे.

वॉर्डातली इतर कामे. जलजीवन मिशनच्या पाइपसाठी खोदलेल्या वरच्या गल्लीचा रस्ता अजून पूर्ववत झालेला नाही. ठेकेदाराला दोन पत्रे गेली आहेत आणि पावसात तो चिखल तुडवावा लागणार याबद्दल मी आपली क्षमा मागते. प्रत्येकाला दिवसाला ५५ लिटर पाणी देण्याचे या योजनेचे उद्दिष्ट आहे, पण टोकाच्या घरांना अजून दिवसाआड पाणी मिळते. कचऱ्याची गाडी आता आपल्याच गावची एक बहीण चालवते. तिच्या हातात ओला आणि सुका कचरा वेगळा करून द्यावा, एवढा मान तरी तिच्या कामाला द्यावा. मराठी शाळेच्या मागच्या दोन खोल्या गळत होत्या, त्यांची कौले एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास समितीच्या, सभासदांनी आणि तालमीच्या पोरांनी मिळून शाकारली. पंचायतीच्या वाचनालयात मराठी पुस्तकांचे एक कपाट असावे ही मुलांची मागणी मंजूर झाली आहे. घरात वाचून झालेली पुस्तके ज्यांना द्यायची असतील त्यांनी ग्रंथपालांकडे द्यावीत.

वॉर्डसभा आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात होईल. घरांची नवी मागणी तिथेच नोंदवली जाईल. सभेला हजर असणाऱ्यांत किमान ३० टक्के महिला असाव्यात अशी कायद्याची अट आहे, पण पुरुष मंडळी सह्यांची वही घरी नेऊन बायकांच्या सह्या आणतात हे मी पाहिले आहे. ते या वेळी होणार नाही. ज्या बाईच्या नावावर घर मागायचे ती बाई सभेत बसलेली असली पाहिजे. लहान मुलांना बरोबर आणले तरी चालेल.

तोवर दर मंगळवारी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी आमच्या सोप्यावर कागद बघायला बसते. शेवंता आजींची नात आता दहावी उतरली आहे आणि तीही येऊन बसते. उतारे तीच वाचून दाखवते. दुसऱ्या घरच्या धाकट्या बहिणीने निरोप पाठवला आहे की रोप लावणीच्या आधी, पहिल्या मोकळ्या दिवशी, ती सही करायला येईल. भावांनी तिला आणायला गडहिंग्लजपर्यंत जायचे ठरवले आहे.